सीएफ असलेल्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघताना

ताई, तुम्ही विचारलंय की गावाकडच्या दवाखान्यांत लेकीवर टीबीचे उपचार झाले, वेल्लोरला गेल्यावर सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, म्हणजे फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात जनुकीय आजार) निघालं, आणि आता मिस्टरांच्या नोकरीमुळे लीड्सला जायचंय, तर तिथल्या डॉक्टरांवर तरी विश्वास कसा ठेवायचा.

आम्ही परभणीचे. माझ्या लेकाचंही असंच झालं. खोकला थांबेना, पोटभर खाऊनही वजन वाढेना, शी तेलकट. कुणी बाळदमा म्हणालं, कुणी जंत, मग टीबी. सासूबाई म्हणायच्या, पोराचा पापा घेतला की ओठ खारट होतात. ते मी प्रत्येक डॉक्टरांना सांगितलं, कुणी कागदावर घेतलं नाही. शेवटी घामाच्या तपासणीत क्लोराइड, म्हणजे घामातलं मीठ, ६० च्या कितीतरी वर निघालं; ६० च्या वर गेलं की सीएफ धरतात. त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तो सोडून द्या असं मी सांगणार नाही.

पण इथे इंग्लंडमध्ये एकाच डॉक्टरवर सगळा भार टाकावा लागत नाही. सीएफ केंद्रात कन्सल्टंट, नर्स, फिजिओ आणि डाएटिशियन असे सगळे मिळून मूल बघतात. भेटीनंतर काय ठरलं त्याचं पत्र येतं. ते नीट वाचा, चुकलं असेल तर नर्सला फोन करा. आम्हाला असा फोन केल्यावर कुणी कधी तोडून बोललं नाही, आणि माझा विश्वास त्यातूनच हळूहळू बसला. मनात शंका राहिली तर सरळ विचारा, 'याशिवाय दुसरं काय असू शकतं? ते कशावरून कळेल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

एक लक्षात ठेवा. २००७ पासून यूकेभर नवजात बाळांची सीएफसाठी तपासणी होते, त्यामुळे इथे बहुतेक मुलांचं निदान काही आठवड्यांतच होतं. टीबीची औषधं खाऊन उशिरा आलेलं मूल इथल्या डॉक्टरांना क्वचित दिसतं. तो इतिहास तुम्हालाच सांगावा लागेल. कोणती औषधं, किती महिने, हे तारखांसह एका पानावर लिहून घ्या. घामाच्या तपासणीचा आकडा, कफाच्या कल्चरचे रिपोर्ट आणि जनुकीय तपासणीचा मूळ कागद सोबत हवाच. जनुकीय कागदाशिवाय केफ्ट्रिओ या सीएफवरच्या गोळीचा विचारच होत नाही. ते औषध ठरावीक म्युटेशनवरच, म्हणजे जनुकातल्या ठरावीक बदलांवरच चालतं, आणि सर्वांत जास्त आढळणारं एफ५०८डेल आपल्याकडच्या मुलांत युरोपपेक्षा कमी सापडतं. म्हणून 'तिकडे गेलं की गोळी मिळेल' असं घरच्यांना आत्ताच सांगू नका.

पैशाचं थोडक्यात: व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, लहान मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड. त्यानंतर एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार होतात, आणि इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालील मुलांना प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. पोचताच जीपीकडे (इथले फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा आणि सीएफ केंद्राकडे रेफरल मागा. वेल्लोरच्या डॉक्टरांकडून इंग्रजी पत्र आधीच घ्या. जेवण पचवायला लागणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल आणि नेब्युलायझर विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, सामान हरवलं तर जेवण अडेल.

त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आमच्या सासूबाई माळकरी, ऐकून दिवसभर गप्प होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, 'लेकराच्या जिवापुढे काय.' तुमच्या घरीही हे आधीच बोलून घ्या, कुणाकडून उशिरा कळण्यापेक्षा. जेवण मात्र आपलंच चालतं: तूप, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. या मुलांना चरबी जास्तच लागते, फक्त सोबत कॅप्सूल हवी.

इथल्या सीएफ मुलांची आपसात गाठ घालून देऊ नका. एकाच्या फुफ्फुसातले जंतू दुसऱ्याला लागतात, म्हणून क्लिनिकमध्येही त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. आपण आया मात्र फोनवर हवं तेवढं बोलू शकतो.

आणि गावी यायचं ते डिसेंबर-जानेवारीत या. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात या मुलांच्या घामातून इतकं मीठ जातं की मूल एकाएकी गळून पडतं, आणि गावात त्याला 'ऊन लागलं' म्हणून सोडून देतात. यावंच लागलं तर मीठ आणि ओआरएस किती द्यायचं ते टीमकडून लिहून घेऊन या.

लीड्सच्या केंद्राची पहिली तारीख मिळाली की मला कळवा. त्याआधी तुमचं ते एक पान आपण दोघी मिळून वाचून काढू.