घरातला ड्रम्सचा रियाज आणि जाळीदार सिंबल्स: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (डोंबिवली): नमस्कार मॅडम. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. वर्षभर क्लास केल्यावर आम्ही तिला घरी किट घेऊन दिलं. पण सिंबल, म्हणजे स्टँडवरची धातूची थाळी, वाजली की समोरचे काका दारात उभे राहतात. छिद्रांच्या ‘लो व्हॉल्यूम’ सिंबल्सनी खरंच फरक पडतो का? नामवंत कंपनीचा पूर्ण संच आम्हाला परवडणारा नाही.

उत्तर: फरक पडतो आणि चांगलाच पडतो. सुपाने वारा घालून बघा, मग तेवढ्याच मोठ्या चाळणीने घाला. चाळणीतून हवा मागच्या मागे निसटते. जाळीदार सिंबलचंही तसंच आहे. पत्रा कंप पावतो तेव्हा एका बाजूची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूची ताणली जाते. मधल्या शेकडो छिद्रांतून हा दाब खोलीत पसरण्याआधीच बराचसा फिटतो. खालचे, भारदस्त स्वर सर्वांत जास्त गळतात आणि वरचा ‘त्स्स’ उरतो. शिवाय पत्रा हलका असल्यामुळे मुळातच कमी हवा ढवळतो.

झिल्जन कंपनी तिच्या ‘एल ८०’ मालिकेबद्दल ८० टक्क्यांपर्यंत कमी आवाज असा दावा करते. हा आकडा वाचून मीटरवर १०० चे २० डेसिबल होतील असं समजू नका. डेसिबलचं मोजमाप तसं चालत नाही. साधारण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. शेजारच्या खोलीत बोलणं सुरू असताना बंद दाराआड या सिंबल्स वाजवता येतात, एवढं मी रोज अनुभवते.

आता पैशांचं. अशा संचात बहुधा १३ किंवा १४ इंची हायहॅट (पायाने उघडमीट होणारी दोन थाळ्यांची जोडी), १४ किंवा १६ इंची क्रॅश (मधूनच जोराचा आघात द्यायची) आणि १८ इंची राइड (सलग ठेका धरायची) असते. तिन्ही एकदम घेऊ नका. सगळा जोर हायहॅटवर लावा, तीच चांगल्या कंपनीची घ्या, मग जुनी मिळाली तरी चालेल. तुमची लेक आत्ता जे ठेके वाजवत असेल, त्यांत एका आवर्तनात हायहॅटवर आठ आघात पडतात आणि क्रॅशवर चार आवर्तनांतून एखादा. रोजचा हात हायहॅटवर घडतो, डावा पायही तिथेच. दुसरी खरेदी १८ इंची क्रॅश-राइडची. ती दोन्ही कामं करते आणि बिनमार्काची असली तरी निभावते. तिसरी सिंबल वर्षभराने घ्या.

स्वस्त हायहॅटमध्ये मला सर्वांत जास्त खटकते ती पायाची ‘चिक’, म्हणजे पायाने जोडी मिटताना येणारा आवाज. छिद्रांतून हवा निघून जात असल्यामुळे ती चांगल्या जोडीतही जरा बारीकच असते. हलक्या जोडीत तर दोन पत्रे नुसते खुळखुळतात आणि पाय वेळेवर पडला की नाही हे मुलाला कळतच नाही. म्हणून दुकानात स्टिक हातात घेण्याआधी जोडी स्टँडवर चढवायला लावा आणि पाय वापरून बघा. मग छिद्रांच्या कडांवरून बोट हलकेच फिरवा. कडा खरखरीत लागली, तर पुढे तिथूनच तडा सुरू होतो.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. सिंबल्स शांत आणि ड्रम्सवर नेहमीची हेड्स (ताणलेले पडदे), अशी जोडी ठेवू नका. स्नेअर, म्हणजे समोरचा तारा लावलेला ड्रम, कडाडत राहते, तिच्यापुढे सिंबल ऐकू येत नाही, म्हणून मूल सिंबल जोरात हाणू लागतं. हात बिघडतो आणि सिंबलही फुटते. मेश हेड्स, म्हणजे कमी आवाजाचे जाळीचे पडदे, त्याच महिन्यात बसवा. ती जमेपर्यंत स्नेअर आणि टॉम्सवर (बाकीच्या हाताने वाजवायच्या ड्रम्सवर) जुन्या सुती चादरीच्या दोन घड्या टाका.

प्रश्न (कोथरूड, पुणे): लो व्हॉल्यूम सिंबल्स आणि मेश हेड्स दोन्ही घेतली, खर्च बराच झाला. समोरच्यांना आता काही ऐकू येत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, ‘संध्याकाळभर डोक्यावर धप्प धप्प चालू असतं.’

उत्तर: आजींचं खरं आहे आणि तुमच्या सिंबल्सचा यात काही दोष नाही. हा हवेतून जाणारा आवाज नव्हे. पेडलचा हातोडा, म्हणजे बीटर, बास ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) हेडवर आपटतो, तो धक्का त्या ड्रमच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून आजींच्या छताला पोचतो. खलबत्त्यात कुटल्यावर खाली जे ऐकू येतं, तेच हे. त्यामुळे भिंतींना फोम चिकटवून उपयोग नाही. हा खर्च करून हिरमुसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून आवर्जून सांगते.

किट जमिनीपासून सोडवावं लागेल. त्यासाठी सर्वांत परवडणारा उपाय टेनिस बॉलचा चौथरा. प्लायवूडचे १८ मिलिमीटर जाडीचे दोन सारखे तुकडे घ्या, संपूर्ण किट आणि तुमचं स्टूल बसेल एवढे. खालच्या तुकड्यावर साधारण वीत-दीड वीत अंतरावर चेंडू बसतील अशी गोल भोकं सुताराकडून पाडून घ्या, त्यांत टेनिसचे चेंडू ठेवा आणि वर दुसरा तुकडा. तुम्ही बसल्यावर चेंडू थोडे दबले पाहिजेत. पार चपटे झाले तर संख्या वाढवा, अजिबात दबले नाहीत तर कमी करा. वरचा तुकडा भिंतीला किंवा कपाटाला कुठेही टेकू देऊ नका, कारण टेकला की धक्क्याला परत वाट मिळते. किट कोपऱ्यात घट्ट बसवायची सवय असते, तिथेच ही चूक होते. हायहॅटचा स्टँडही चौथऱ्यावरच हवा. बीटर लाकडी असेल तर फेल्टचा लावा.

नुसती चटई किंवा काथ्याची गादी घातली तर टाचेचा आवाज कमी होतो, धक्का मात्र बराचसा जातोच. शक्य असेल तर चौथरा आणि वर चटई असं दोन्ही करा.

चौथरा झाला की घरातल्या कुणाला तरी वाजवायला बसवून स्वतः आजींकडे जा आणि पाच मिनिटं त्यांच्या बैठकीत बसा. मीटरपेक्षा ही तपासणी मला जास्त विश्वासाची वाटते. जाताना सरावाची वेळही ठरवून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण दुपारी दोनला झोपणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा काय उपयोग? त्यांची झोपेची वेळ विचारा आणि ती पाळा.

प्रश्न (नाशिक): दोन महिन्यांत १४ इंची लो व्हॉल्यूम क्रॅशला कडेला तडा गेला. माल खराब होता का?

उत्तर: असूही शकेल, पण आधी तीन गोष्टी तपासा. तुमच्या स्टिक्स कोणत्या? ‘२बी’सारख्या जाड असतील तर ‘७ए’ घ्या. विंगनट, म्हणजे सिंबल स्टँडवर आवळायचा नट, किती घट्ट आहे? सिंबलला डोलता आलं पाहिजे. आवळून धरली की सगळा मार एकाच जागी बसतो. आणि स्टँडच्या दांड्यावर प्लॅस्टिकची स्लीव्ह आहे का? नसेल तर मधलं भोक दांड्यावर घासून लांबट होतं. ही स्लीव्ह अगदी किरकोळ किमतीला मिळते, आजच आणा. क्रॅश वाजवताना स्टिक कडेवर सरळ न आपटता तिरकी सरकवून काढा. ज्या पत्र्याला शेकडो भोकं आहेत, त्यात दोन भोकांमधली पट्टी हीच कमजोर जागा असते.

प्रश्न (सांगली): घरी जुनी पितळी सिंबल आहे. तिला ड्रिलने भोकं पाडून लो व्हॉल्यूम बनवता येईल का?

उत्तर: नको. मी स्वतः हे करून बसले आहे. एका जुन्या हायहॅटला दोन दिवस खपून साठ-सत्तर भोकं पाडली. आवाज जेमतेम उतरला, कारण पत्रा तेवढाच जाड राहिला आणि भोकं फारच कमी पडली. महिन्याभरात दोन भोकांमध्ये चीर गेली, आणि तिच्या धारेने एका विद्यार्थ्याचं बोट कापलं. ते मला अजून लागून राहिलं आहे. तुमची सिंबल पितळेऐवजी बी२० काशाची, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील अशी निघाली, तर ती आणखी ठिसूळ असते. ती तशीच जपा. घरच्या सरावासाठी तिच्यावर रबरी म्यूट चढवा. स्टिक उसळण्यात फरक पडेल, पण सुरुवातीला चालतं.

प्रश्न (कोल्हापूर): मी ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड (स्टिकने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो, आता ड्रम्स शिकतोय. ऑक्टापॅडवर हेडफोन लावून सराव केला तर पुरेल ना?

उत्तर: हातांसाठी बऱ्याच अंशी पुरेल. डाव्या पायासाठी नाही. एक जाळीदार हायहॅट आणि तिचा स्टँड तेवढा जोडा.

प्रश्न (म्हापसा): तियात्राच्या (गोव्यातल्या कोंकणी संगीतनाटकाच्या) बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. घर जुनं, कौलारू, बैठं. खाली कुणी राहत नाही. तरी वाड्यावर सगळीकडे ऐकू जातं.

उत्तर: तुमचं दुखणं कोथरूडकरांच्या उलट आहे. जमिनीतून काही जात नाही, आवाज कौलांच्या फटींतून आणि खिडक्यांतून जातो. चौथऱ्यावर पैसे घालवू नका. तुमच्यासाठी जाळीदार सिंबल्स आणि मेश हेड्स एवढंच पुरे. माळा किंवा छत घातलेली खोली असेल तर तिथे बसा. फक्त कांतारांच्या, म्हणजे तियात्रातल्या गाण्यांच्या, शेवटी क्रॅश वाजवून लगेच हाताने धरून थांबवायची असते, ते काम जाळीदार सिंबलवर फार सोपं होतं, कारण तिची गुंज मुळात आखूड असते. तो सराव खऱ्या सिंबलवर, बँडबरोबरच करा.

प्रश्न (ठाणे): मुलगा ट्रिनिटीची रॉक अँड पॉप ड्रम्सची परीक्षा देणार आहे. घरी सगळा सराव शांत सिंबल्सवर. परीक्षेत अडचण येईल का?

उत्तर: वेळ, हातांचा क्रम, पाय, हे सगळं घरी नीट तयार होईल. आवाजाचा तोल होणार नाही. शांत सिंबलवर जेवढ्या जोराने वाजवून बरं वाटतं, तेवढ्याच जोराने खरी क्रॅश वाजवली तर ती बाकीचं सगळं गिळते. राइडच्या घुमटीचा (मधल्या फुगीर भागाचा) स्वच्छ ‘टिंग’ही जाळीत नीट येत नाही. म्हणून परीक्षेच्या आधीच्या महिन्यात दर आठवड्याला तासभर जॅम रूम (भाड्याने मिळणारी सरावाची खोली) घ्या आणि तीनही गाणी ट्रॅकसोबत सलग वाजवायला लावा. कानांत इअरप्लग हवेतच, शांत सिंबल्सची सवय झालेल्या कानांना तर नक्कीच. पहिल्या खेपेला तो क्रॅशच्या आवाजाने दचकेल आणि पुढचा ठोका चुकेल. तेव्हा थांबवू नका, गाणं संपू द्या.