ऑरेगन ट्रेलच्या रोजनिशा वाचायला घेताना

ऑरेगन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात गाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे ऑरेगनला वस्तीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची वाट. सुरुवात अमेलिया स्टुअर्ट नाइटच्या रोजनिशीने करा. १८५३ साली ती नवरा आणि सात मुलांसह आयोवाहून ऑरेगनला निघाली. पाऊस, चिखल, चारा, दमलेले बैल, सगळं ती टिपते; आपण गरोदर आहोत हे मात्र सांगत नाही. प्रवासाच्या शेवटी रस्त्याकडेला आठवं मूल जन्मतं, तेव्हाच आपल्याला कळतं. म्हणून जे लिहिलेलं नाही तेही शोधत वाचा. माझ्या मते या लेखनाचा जीव तिथेच आहे. मग कॅथरीन सेगर. १८४४ च्या वाटेवर आईवडील गमावलेल्या या मुलीने आठवणी बऱ्याच वर्षांनी लिहिल्या, त्यामुळे त्यांना त्या-त्या दिवशीची नोंद समजू नका. शेजारी या वाटेचा नकाशा हवाच: प्लॅट नदी, फोर्ट लॅरमी हे वाटेतलं ठाणं, साउथ पास ही रॉकी पर्वतातली खिंड.