फोन आपलं बोलणं ऐकतो का? आईशी मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरच्या जाहिराती सुरू!

अहो, ऐकत बसायची गरजच नाही जाहिरातवाल्यांना, घरातल्या कोणीतरी त्याच वायफायवर मिक्सर सर्च केला असेल तरी पुरतं. शिवाय अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो, वेगवेगळ्या अ‍ॅप्समधलं तुमचं वागणं त्यावरून जुळवता येतं. सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स इथे जाऊन तो डिलीट करा, दोन मिनिटांचं काम आहे (जाहिराती बंद नाही होणार हं, फक्त तुमच्या मागे लागायच्या कमी होतील). आयफोनवर २०२१ पासून ट्रॅकिंगआधी अ‍ॅपला परवानगी विचारावी लागते. बाकी आमचे बाबा, 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे' म्हणतात आणि मेडिकलवाल्याला दहा रुपयांच्या गोळ्यांसाठी मोबाइल नंबर देऊन येतात, मग दिवसभर ऑफरचे मेसेज आले की चिडचिड माझ्यावर.