कॅरिबियनला पहिल्यांदाच जाताय? आधी डॉमिनिका बघा
सगळ्यात आधी एक, तिकीट काढताना डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक यात गल्लत करू नका, दोन वेगळे देश आहेत. आणि पांढऱ्या वाळूचे फोटो डोक्यात असतील तर तेही काढून टाका, इथे ज्वालामुखीची काळी वाळू जास्त. पण राजधानी रोझोच्या दक्षिणेला शॅम्पेन रीफवर मास्क लावून पाण्यात डोकं घाला, समुद्राच्या तळातून गरम बुडबुड्यांच्या माळाच्या माळा वर येताना दिसतात आणि त्यातून मासे आरामात फिरत असतात, मला तरी कुठल्याही रिसॉर्टच्या बीचपेक्षा हे लाखपटीने भारी वाटतं.

बॉयलिंग लेकचा, म्हणजे ज्वालामुखीच्या उष्णतेने उकळणाऱ्या तळ्याचा ट्रेक कराच, पण गाइड घेऊनच. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा, चिखल भरपूर, वाटेत गंधकाचा वास आणि वाफाळणारी जमीन, पाय जपून टाकायचा. ग्रिपवाले बूट हवेतच, सॅंडलवर अजिबात नको.

जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, २०१७ च्या मारियाने या बेटाचं फार नुकसान केलं होतं, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल बेस्ट. होमस्टेत राहा, पैसा गावातच राहतो.

पांढरी-गुलाबी वाळू हवीच असेल तर अँटिग्वा बेटाहून फेरीने शेजारचं बार्बुडा बेट गाठा, तिथल्या खाडीत फ्रिगेटबर्ड या मोठ्या समुद्रपक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे, बोटीतूनच बघा, घरट्यांच्या फार जवळ जाऊ नका प्लीज. व्हिसाचं मात्र ट्रान्झिट देशासकट बुकिंगआधीच चेक करा.