पाण्यातल्या पट्ट्यावर चालणारं घोडं

प्रश्न : मी सदलग्याचा शेतकरी. आमची घोडागाडी शर्यतीची घोडी पुढच्या पायाची शीर (टेंडन) सुजल्याने चार महिने बांधून आहे. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावी सायन्सला आहे. काचेच्या टाकीत, पाण्यातल्या सरकत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) घोडं चालवतात असा व्हिडिओ तिने पाहिला. आता तेच शिकायचं म्हणते. याचा कोर्स असतो का, की फिजिओथेरपीला घालू?

उत्तर : फिजिओथेरपीची पदवी माणसांसाठी आहे. जनावरावर उपचार करायचे तर पशुवैद्यक म्हणून नोंदणी हवी. म्हणून सरळ वाट धरा : बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. कर्नाटकातली सरकारी कॉलेजं बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली येतात. सीईटी द्यायला लावाच, पण नीटही सोडू नका. १५ टक्के अखिल भारतीय जागा नीटवर भरतात.

आता त्या यंत्राचं. बटणं दाबायला महिनाभरात कुणीही शिकेल. कुठलं घोडं, कधी आणि किती पाण्यात, हे ओळखणं म्हणजे खरी विद्या. पाणी घोट्याएवढंच असलं की घोडं पाय उचलून टाकतं आणि सांधे जास्त वाकतात. पाणी कमरेच्या हाडापर्यंत चढवलं तर पायांवरचा भार सुमारे तीन चतुर्थांश हलका होतो. यंत्र एकच, पण दोन वेगळे उपचार! पोहण्यात पाय टेकतच नाहीत आणि पाठ ताणली जाते; इथे पाऊल टेकतं, चाल सरळ राहते. सुरुवात थोड्या मिनिटांची, मग हळूहळू वाढ. शर्यतीच्या घोड्यांना दम वाढवायलाही असं चालवतात, पाणी पायाला अडवतं म्हणून. शीर भरून यायला नऊ ते बारा महिने लागतात. हे मालकाला पटवणं सगळ्यात अवघड, आणि तुम्हीही मालकच आहात.

नोकरी बेळगावात शोधू नका. रेसकोर्स आणि स्टड फार्म पुण्या-मुंबईकडे, बेंगळुरू-म्हैसूरकडे. लष्कराची घोड्यांची शाखाही आहे, मेरठला तिचं केंद्र. मुलगी मराठी आणि कानडी दोन्ही बोलत असेल तर तबेल्यात मोतद्दाराशी, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याशी, बोलणं जमेल, आणि घोडं कुठे दुखतंय ते आधी त्यालाच कळतं. सुट्टीत तिला जवळच्या पशुवैद्यांबरोबर फिरू द्या. अंकलीहून दरवर्षी आळंदीला चालत जाणारे शितोळे सरकारांचे अश्व तिने पाहिले असतील. एवढ्या चालीनंतर खूर आणि पाय कसे राखतात, हे तिथे जाऊन विचारावं. माझ्या मते कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते जास्त शिकवेल.

आणि घोडीला दूधगंगेत उभी करत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. थंड पाण्याने सूज उतरते हे खरं, पण नदीचा तळ सपाट नसतो, आणि उघडी जखम असेल तर पाण्यात मुळीच नको.