तेच सात सूर, पण सा कुठाय?

तू विचारलंयस की सी मेजर आणि ए मायनर दोन्हीत नुसत्या पांढऱ्या पट्ट्याच वाजतात, मग दोन नावं कशाला, आणि नोटेशन समोर आलं तर ओळखायचं कसं.

थिअरी वाचायच्या आधी पेटी काढ. मोबाईलवर तानपुरा पांढरी एकला लाव आणि पांढरी एकपासून वरच्या एकपर्यंत सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजव, सरळ बिलावल ऐकू येईल, म्हणजेच सी मेजर. आता तानपुरा पांढरी सहाला लाव, बाकी काही बदलू नकोस, तिथूनच पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. एकदम ग, ध, नी कोमल झाले ना? हा आसावरी थाट, आणि हाच ए मायनर. पट्ट्या त्याच, सा हलला. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात, भूपाचा ध सा धरला की धानी होतो आणि ग धरला की मालकंस, तसंच हे, फक्त रिलेटिव्ह मायनर (मेजरचेच सूर वापरणारा जोडीदार मायनर) म्हणताना मेजरचा ध हाच सा धरायचा, दुसरा कुठला नाही.

शोधायची ट्रिक सोपी आहे, मेजरच्या सा पासून काळ्या पट्ट्या धरून तीन घरं खाली ये. सी चा ए मायनर, जी चा ई मायनर, डी चा बी मायनर, एफ चा डी मायनर. जोडीत की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेले शार्प-फ्लॅट, म्हणजे चढवलेले-उतरवलेले सूर) एकच, त्यामुळे गाणं एकातून दुसऱ्यात अलगद सरकतं. बेथोवेनची पाचवी सिंफनी (1808) सी मायनरमध्ये सुरू होते आणि पहिल्याच भागातली दुसरी थीम ई फ्लॅट मेजरला जाते, दोन्हीला तेच तीन फ्लॅट.

आता ओळखायचं कसं, तर इथे मी स्वतः आपटलोय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत कीबोर्डला होतो, कागदावर एकही शार्प-फ्लॅट नाही बघून मी वर ‘सी मेजर’ लिहून टाकलं आणि शेवटी ठोकून सी कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) दाबली. गायिका ए वर थांबलेली. बेसूर नाही झालं, कारण सी कॉर्डवर ए खपून जातो, पण गाणं संपल्यासारखंच वाटेना, लोक टाळ्या वाजवायचे थांबून राहिले आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की काय सांगू.

तेव्हापासून मी दोनच गोष्टी बघतो. शेवटी बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, कुठे येऊन टेकतो, आणि मध्येच जी शार्प, म्हणजे काळी चार, डोकावते का. मायनरमध्ये कोमल नी सा कडे तेवढा ओढत नाही म्हणून तो शुद्ध करतात, ई मायनर कॉर्डच्या जागी ई मेजर येते (पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात) आणि तिच्यानंतर ए मायनर ऐकली की घरी आल्यासारखं वाटतं. त्या सुरावटीला हार्मोनिक मायनर म्हणतात, आपल्याला ती कीरवाणी म्हणून ओळखीची आहे. की सिग्नेचरमध्ये हा शार्प लिहीत नाहीत, तो नोटजवळ वेगळा येतो, म्हणून नुसतं सुरुवातीला बघून निर्णय घेऊ नकोस.

सी, जी, ए मायनर, एफ अशा कॉर्डवर गोल गोल फिरणारं गाणं असेल तर मात्र दोन जाणकारांची दोन उत्तरं येतील, तिथे भांडत बसू नये असं माझं मत.

आणि पॅरलल मायनर वेगळा हां, तिथे सा तोच राहतो आणि स्वर बदलतात, सी मेजर आणि सी मायनर. गंमत म्हणजे जर्मन लोक आपल्या रिलेटिव्हलाच पॅरलल म्हणतात, त्यामुळे जर्मन पुस्तक हाती आलं तर जपून.

तुझ्या नोटेशनचा फोटो टाक, शेवटची ओळ दिसेल असा.