वाचकांचे प्रश्न : तीनशे मीटरचं जहाज आवरायचं कसं?

मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. वादळ, आग, टक्कर यांविषयीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. इथे बोलायचं ते रोजच्या, शांत दिवसाच्या कामाबद्दल.

गेटवेहून मांडव्याला जाताना आमच्या लाँचच्या वाटेत कंटेनर जहाज आलं. शेवटी लाँचवाल्यानेच वळसा घेतला. जहाजाने वेग का नाही कमी केला? – एक प्रवासी, अलिबाग

लाँचवाल्याने केलं ते बरोबरच होतं, आणि नियमातही तेच आहे. जे जहाज खोल चॅनल सोडून बाहेर जाऊच शकत नाही, त्याच्या वाटेत २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडथळा आणायचा नसतो.

थांबण्याचं म्हणाल, तर जहाजाचा हिशेब जहाजाच्या लांबीत करतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००२ च्या मानकांनुसार, पूर्ण वेगात असताना इंजिन फुल अस्टर्न (पूर्ण जोराने उलटं) केलं की जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पटींच्या आत थांबायला हवं. ३०० मीटरच्या जहाजासाठी हे साडेचार किलोमीटर झाले, आणि फारच अवजड जहाजांना त्यातही सवलत आहे. चॅनलमधल्या आठ-दहा नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) अंतर पुष्कळ कमी होतं, पण लाँच दिसली आणि थांबलो, इतकं कमी होत नाही.

बहुतेक मोठ्या जहाजांचं इंजिन सरळ पंख्याच्या शाफ्टला जोडलेलं असतं. मध्ये गिअर नाही, क्लच नाही. उलटं जायचं तर इंजिन बंद करायचं आणि दाबाखालच्या हवेने उलट्या दिशेने पुन्हा सुरू करायचं. जहाज वेगात असलं की मागे सरणारं पाणीच पंख्याला पुढच्या दिशेने फिरवत राहतं आणि हवेचा जोर त्यापुढे अपुरा पडतो. वेग उतरायच्या आधीच चार-पाचदा प्रयत्न केले की बाटल्यांतली हवा खलास होत जाते. नियमाप्रमाणे पुन्हा न भरता १२ वेळा इंजिन सुरू होईल एवढा साठा लागतो, पण धक्क्याजवळ पुढे-मागे करताना तो बघता बघता उतरतो.

खुल्या समुद्रात म्हणूनच थांबण्यापेक्षा वळणं स्वस्त पडतं. त्याच मानकांत वळताना पुढे जाण्याची मर्यादा साडेचार लांब्यांची आहे. चॅनलमध्ये मात्र वळायला जागाच नसते, तेव्हा वेग आधीपासूनच कमी ठेवण्याला पर्याय नाही.

सिम्युलेटरवर डेड स्लोला (इंजिनाच्या सर्वांत कमी वेगाला) सुकाणू पूर्ण उजवीकडे दिलं तरी जहाज ढिम्म. इंजिन वाढवलं की वळतं, पण वेग हाताबाहेर जातो. माझं कुठे चुकतंय? – डेक कॅडेट, नवी मुंबई

बहुधा क्रम चुकतोय, आणि इंजिन बंद करायला उशीर होतोय.

सुकाणूला बळ मिळतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. पंख्याचा झोत थेट सुकाणूवर पडतो, त्यामुळे जहाज जवळपास उभं असलं तरी झोत मिळाला की पिछाडी लगेच हलते. अवजड जहाजाला पुढे वेग धरायला मात्र वेळ लागतो. या दोन वेळांमधला जो फरक आहे, त्याचा फायदा घ्यायचा. यालाच ‘किक’ म्हणतात.

आधी सुकाणू पूर्ण द्या आणि इंडिकेटरवर काटा पोचल्याची खात्री करा. एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत जायला नियमाने २८ सेकंदांपर्यंत मुभा आहे, म्हणजे मधोमध असलेलं सुकाणूही पोचायला दहा-पंधरा सेकंद घेऊ शकतं. काटा पोचला की मगच स्लो किंवा हाफ अहेड. नजर वळण्याच्या दरावर ठेवा. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) फिरायला लागली की इंजिन बंद. बहुतेक विद्यार्थी आधी इंजिन वाढवतात आणि मग सुकाणू देतात. पहिले दहा सेकंद सगळा जोर जहाज पुढे ढकलण्यात जातो, आणि तुम्ही म्हणता तसा वेग हाताबाहेर जातो. किक लांबवली तरी तेच होतं.

वळण सुरू करण्याइतकंच ते थांबवणंही कष्टाचं असतं. नव्या दिशेवर आल्यावर उलटं सुकाणू देऊन उपयोग नाही, ते काही अंश आधीच द्यायला हवं. किती आधी, हे त्या जहाजावर आणि त्या दिवशीच्या मालावर ठरतं. भरलेला टँकर आणि रिकामा टँकर ही हाताळणीच्या दृष्टीने दोन वेगळी जहाजं समजा.

आता पिव्हट पॉइंट. जहाज गाडीसारखं पुढच्या चाकांनी वळत नाही. सुकाणू पिछाडीला बाहेर ढकलतं आणि त्यामुळे नाळ आत येते. ज्या बिंदूभोवती हे फिरणं होतं, तो जहाज पुढे जात असताना नाळेपासून लांबीच्या पाव ते एक-तृतीयांश भागावर असतो. जहाज उभं असताना मध्याच्या आसपास, मागे जाताना पिछाडीकडे. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. ३०० मीटरचं जहाज पुढे जातंय आणि बिंदू नाळेपासून ७५ मीटरवर आहे असं धरा. पिछाडीवरच्या टगला (जहाज ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या, ताकदवान बोटीला) २२५ मीटरची तरफ मिळते, नाळेवरच्या टगला किंवा बो थ्रस्टरला (नाळेतल्या आडव्या पंख्याला) फक्त ७५. तेवढ्याच जोराला तिप्पट परिणाम! जहाज मागे जायला लागलं की गणित उलटं होतं आणि तोच थ्रस्टर सुकाणूसारखं काम देतो.

यातूनच होणारी एक नेहमीची चूक. डाव्या हाताचा बॉया (चॅनलची कड दाखवणारी तरंगती खूण) नाळेपाशी सुटला, म्हणून निर्धास्त होऊन उजवीकडे सुकाणू दिलं, तर पिछाडी डावीकडे फेकली जाऊन नेमकी त्या बॉयावर जाते. बॉया अंगाशी आलाच असेल, तर तो अर्ध्या जहाजापर्यंत मागे आल्यावर सुकाणू त्याच्याच बाजूला द्यायचं, म्हणजे पिछाडी दूर जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं.

आणि इंजिन उलटं केल्यावर सुकाणूवर विसंबू नका. झोत आता दुसरीकडे वाहतोय. मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा असेल, आणि बहुतेक तसाच असतो, तर उलटा फिरताना तो पिछाडी डावीकडे ओढतो आणि नाळ उजवीकडे जाते. धक्का डाव्या अंगाला असेल तर हे आपल्या पथ्यावर पडतं. थोडा कोन ठेवून यायचं, शेवटी अस्टर्न दिलं की जहाज आपोआप धक्क्याला समांतर होतं. धक्का उजव्या अंगाला असेल तर तीच ओढ नाळ धक्क्यावर नेते, म्हणून कोन कमी आणि वेग त्याहून कमी ठेवायचा.

चॅनलमध्ये जहाज ‘बसतं’ असं ऐकलं. तरंगणारी वस्तू बसेल कशी? – वाचक, माझगाव

बसते, आणि वेगाच्या वर्गाने बसते. तळ आणि जहाज यांच्यातल्या अरुंद फटीतून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब उतरतो आणि जहाज खाली ओढलं जातं. याला स्क्वॉट म्हणतात. ढोबळ सूत्र सोपं आहे: जहाजाचा ब्लॉक कोएफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ आहे, त्याचा आकडा) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००. अरुंद चॅनलमध्ये १०० ऐवजी ५०. उत्तर मीटरमध्ये येतं.

जवाहर द्वीपाला जाणारा भरलेला टँकर घ्या, कोएफिशंट ०.८. अरुंद पाण्यात १० नॉटला स्क्वॉट १.६ मीटर, ५ नॉटला फक्त ०.४ मीटर. तळाखाली दोन मीटर पाणी आहे म्हणून निश्चिंत बसलेल्याच्या हाती १० नॉटला ४० सेंटिमीटर उरतात. टँकरसारखी भरीव जहाजं नाळेकडून जास्त बसतात.

लक्षणं ओळखता येतात. इंजिनाचे फेरे तेच असताना वेग उतरतो, जहाज थरथरतं, मागची लाट उंचावते, सुकाणू जड होतं, वळणाचं वर्तुळ फुगतं. अशा वेळी वेग वाढवून सुकाणूला जोर द्यावासा वाटतो. नेमकं तेच करायचं नाही. फेरे कमी करायचे.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, त्यामुळे खोल बुडीची (पाण्यात जास्त खोल उतरलेली) जहाजं पाणी चढण्याची वेळ साधून आणतात. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब (अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आतबाहेर) गप्पांत चालतो; जहाज आणायला भरतीचं छापील कोष्टकच हवं. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत फरक कमी, तेव्हा मिळणारं जास्तीचं पाणीही कमी.

न्हावा-शेवाला जहाज लावताना स्वतःचा बो थ्रस्टर असूनही टग कशाला लागतात? – वाचक, उरण

वाऱ्यामुळे. आडव्या वाऱ्याचा जोर टनांत काढायचं सूत्र असं: वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग, भागिले १८,०००, गुणिले वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. डेकवर कंटेनरच्या थप्प्या लागलेल्या जहाजाची बाजू ८,००० चौरस मीटर धरली, तर २० नॉटच्या वाऱ्यात सुमारे ४७ टन जोर येतो. ३० नॉटला तो १०५ टनांच्या घरात जातो. २,००० किलोवॅटचा थ्रस्टर देतो साधारण २७ टन, तोही फक्त नाळेपाशी. शिवाय जहाजाचा वेग चार-पाच नॉटच्या वर असला तर थ्रस्टरचा परिणाम जवळपास जाणवतच नाही.

टगनाही वेगाची मर्यादा आहेच. पुढे पाच-सहा नॉटने चाललेल्या जहाजाला आडवं ढकलताना टगची निम्मी ताकद स्वतःला जागेवर ठेवण्यात जाते. अडचण अशी की कित्येक मोठ्या कंटेनर जहाजांचा डेड स्लोच सहा-सात नॉटचा असतो. म्हणून इंजिन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं करत यावं लागतं, आणि पिछाडीला मधोमध बांधलेला टग मागे ओढून वेग धरून ठेवतो. असा टग मागे असला की इंजिन चालू ठेवता येतं, झोत सुकाणूला मिळत राहतो आणि जहाज ताब्यात राहतं.

धक्क्याला टेकतानाचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. मुंगीच्या पावलांनी वाटेल, पण एक लाख टन वस्तुमान १० सेंटिमीटरने आलं तर फेंडरला (धक्क्यावरच्या रबरी गादीला) ५०० किलोजूल पचवायचे असतात आणि २० सेंटिमीटरने आलं तर २,०००. शिवाय जहाजाबरोबर सरकणारं पाणी वेगळंच. जहाज धक्क्यापासून काही मीटरांवर समांतर थांबवावं आणि मग टगनी हळूच आत ढकलावं, ही पद्धत वेळखाऊ असली तरी आम्हाला तीच पसंत आहे. आधी स्प्रिंगचे दोर द्यावेत, म्हणजे जहाजाचं पुढे-मागे सरकणं थांबतं. मग हेडलाइन आणि स्टर्नलाइन, म्हणजे नाळेचा आणि पिछाडीचा दोर. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये; तुटलेला दोर उलटा येतो तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

बंदराबाहेर नांगरलेली जहाजं सगळी एकाच दिशेला तोंड करून का असतात? – विद्यार्थिनी, कुलाबा

प्रवाहाकडे तोंड करून. साधारण सव्वासहा तासांनी पाणी फिरलं की सगळी एकामागून एक वळतात. रिकामं, उंच जहाज वाऱ्याचं जास्त ऐकतं, भरलेलं पाण्याचं. त्यामुळे पाणी फिरताना काही वेळ दोन शेजारी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून दिसतात.

जहाज धरून ठेवण्यात तळाच्या चिखलात आडव्या पडलेल्या साखळीचा वाटा मोठा. तिच्यामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते. ओढ वर जाऊ लागली की नांगर सुटतो. साखळीची एक शॅकल, म्हणजे एक तुकडा, २७.५ मीटरची. पाच शॅकल सोडलेलं २०० मीटरचं जहाज सुमारे ३४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू शकतं, तेवढी जागा आधीच मोजून नांगर टाकायचा.

पायलट आल्यावर कॅप्टनची जबाबदारी संपते का? – वाचक, डोंबिवली

नाही. पायलट, म्हणजे बंदराची वाट माहीत असलेला मार्गदर्शक, हुकूम देतो, जबाबदारी कॅप्टनची राहते. म्हणून पायलट चढताच बूड, इंजिनाचे वेग, पंख्याची दिशा, थ्रस्टरची स्थिती यांची माहिती द्यायची आणि त्याचा बेत समजून घ्यायचा. सुकाणी (सुकाणू धरणारा) प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि सुकाणू तिथे पोचल्यावर पुन्हा सांगतो. कंटाळवाणं आहे, पण उजवं-डावं उलटं झालेलं पहिल्या पाच सेकंदांत कळतं ते यामुळेच.

जहाजाच्या ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात त्या खोलीतून) आमची होडी दिसते का? – मच्छीमार, करंजा

नाळेच्या अगदी पुढे असाल तर नाही. नियमानुसार नाळेपुढचं न दिसणारं पाणी जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. याचा अर्थ ५०० मीटरपर्यंतचा आडोसा कायदेशीर आहे. दहा नॉटचं जहाज ते अंतर पावणेदोन मिनिटांहून कमी वेळात कापतं. ब्रिजची काच दिसत नसेल, तर तिथल्या माणसालाही तुम्ही दिसत नाही असं धरा.

चॅनल पार करायचं तर जहाजाच्या मागून, काटकोनात करा. जाळं चॅनलच्या कडेबाहेर ठेवा. पंख्यात दोर गेला तर नुकसान दोघांचंही. भोंग्यांचा अर्थ एवढा लक्षात ठेवा: एक छोटा म्हणजे जहाज उजवीकडे वळतंय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवलंय. तीन ऐकून जहाज मागे जातंय असं समजू नका, ते अजून बराच वेळ पुढेच येत असतं. पाच किंवा जास्त छोटे भोंगे वाजले, तर तुमचा बेत त्यांना कळलेला नाही. जाळं कापावं लागलं तरी बाजूला व्हा.